श्रद्धेची किंमत कोणी ठरवायची?

छत्तीसगढच्या बस्तर जिल्ह्यात छिंदवाडा नावाचे एक लहान गाव आहे. मध्य प्रदेशातले प्रसिद्ध छिंदवाडा ते हे नव्हे. ७ जानेवारी २०२५ रोजी या गावातील एका वृद्ध पाळकाचे निधन झाले. घराणे महरा जातीचे आणि तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. याच गावाच्या दफनभूमीत आपल्या घरची वडीलधारी माणसे पूर्वी पुरली गेली आहेत, तेव्हा वडिलांनाही तेथेच माती द्यावी, एवढीच मुलाची मागणी होती. गावातील काही मंडळींनी तिला विरोध केला. मुलगा म्हणाला, गावची जागा नको तर माझ्या स्वतःच्या शेतात पुरतो. त्यालाही विरोध झाला. उच्च न्यायालयाने दाद दिली नाही, म्हणून तो दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात गेला. तोवर मृतदेह जगदलपूरच्या शवागारात पडून होता. तो एकूण वीस दिवस तेथे राहिला.

२७ जानेवारीला निकाल लागला, पण दोन न्यायमूर्तींची दोन मते पडली. न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांच्या मते कुटुंबाच्या खासगी शेतजमिनीत दफनाला परवानगी द्यायला हवी होती. गावपंचायतीची आणि प्रशासनाची वागणूक भेदभावाची होती, असेही त्यांनी स्पष्टपणे नोंदवले. न्यायमूर्ती सतीशचंद्र शर्मा यांच्या मते ख्रिस्ती समाजासाठी नेमून दिलेली दफनभूमी वीस-पंचवीस किलोमीटरवर करकापाल येथे असताना हव्या त्या ठिकाणी दफनाचा हक्क सांगता येत नाही. मतभेद मोठ्या पीठापुढे नेले असते तर मृतदेह आणखी किती दिवस थांबला असता कोण जाणे. म्हणून घटनेच्या १४२ व्या कलमाखालील अधिकार वापरून न्यायालयाने करकापालला दफन करण्याचा आदेश दिला, आणि वीस दिवसांनी त्या देहाला माती मिळाली. ती त्याच्या गावाची मात्र नव्हती.

या प्रकरणात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. त्या कुटुंबाला धर्म सोडण्याचा हुकूम कोणत्याही न्यायालयाने वा कायद्याने दिला नव्हता. घटनेच्या २५ व्या कलमाने दिलेले श्रद्धेचे स्वातंत्र्य कागदावर जसेच्या तसे शाबूत होते. फक्त त्या स्वातंत्र्याची किंमत वाढली होती. ख्रिस्ती म्हणून जगलात, आता ख्रिस्ती म्हणून पुरायचे असेल तर गावाबाहेर, पंचवीस किलोमीटर दूर. समाजाचा दबाव सहसा असाच काम करतो. प्रत्येक वेळी तो हातात काठी घेऊन दारात उभा राहतो असे नाही. विहिरीवर, लग्नाच्या पंगतीत, दाखल्याच्या कचेरीत आणि शेवटी स्मशानात तो श्रद्धेचा भाव थोडाथोडा चढवत नेतो. मग प्रश्न पडतो तो हा, की ही किंमत ठरवण्याचा अधिकार कोणाला? आणि माणसाने ती कुठवर मोजावी?

चहाच्या पेल्याचे प्रायश्चित्त

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातील काही प्रतिष्ठित मंडळी निमंत्रणावरून गेली होती. तेथे चहा-बिस्किटे पुढे आली. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक हे दोघेही त्या मंडळींत होते. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेले. पुढे उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदापर्यंत पोचलेल्या रानड्यांनाही अखेर आप्तेष्टांसाठी प्रायश्चित्त घ्यावे लागले. मिशनच्या आवारातील एका चहाच्या पेल्याला जेथे एवढी किंमत होती, तेथे बाप्तिस्मा घेणाऱ्याला काय मोजावे लागले असेल याची कल्पना करावी.

बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावात जन्मले आणि १८५४ साली ख्रिस्ती झाले. जातीला आणि जुन्या घराला ते पारखे झाले. मराठीला मात्र ते पारखे झाले नाहीत. १८५७ साली त्यांनी लिहिलेले ‘यमुनापर्यटन’ मराठीतील पहिली कादंबरी मानली जाते, आणि तिचा विषय आहे हिंदू विधवांचे दुःख. ज्या समाजाने दार लावून घेतले त्याच समाजातल्या स्त्रियांची वेदना मांडायला हा माणूस बसला, हे विसरून चालणार नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याबरोबर नव्हत्या. पुढची काही वर्षे नवरा एकीकडे आणि बायको दुसरीकडे, अशी गेली. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचले आहे त्यांना त्या वर्षांचे वर्णन आठवत असेल. त्या पुस्तकाचे मोठेपण असे की त्यात कोणीच खलनायक नाही. नातेवाईक रडतात, रागावतात, अडवतात, पण ते प्रेमापोटीच. समाजाचा दबाव सर्वांत जड वाटतो तो याचसाठी. परक्याच्या शिवीला पाठ फिरवता येते, आईच्या अश्रूंना फिरवता येत नाही. पुढे लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परतल्या त्या आपले सोवळे-ओवळे घेऊनच. टिळकांनी त्यांच्यावर नव्या धर्माची सक्ती केली नाही, उलट त्यांच्या सोवळ्याची सोय लावून दिली. जातिभेदाचा विचार लक्ष्मीबाईंच्या मनातून गेला तो त्यांच्या स्वतःच्या विचाराने, आणि त्यानंतरच १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. एकाच घरात दोन श्रद्धा काही काळ कशा नांदू शकतात, याचा याहून चांगला दाखला मराठीत शोधून सापडणार नाही.

आणखी एक प्रकरण याहूनही जुने आहे. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा अल्पवयीन धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे गेला होता. न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. श्रीपतचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, तरी त्याला जातीत परत घ्यायला सनातनी मंडळी तयार होईनात. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर त्या मुलाच्या बाजूने उभे राहिले, त्याच्या शुद्धीसाठी त्यांनी खटपट केली आणि स्वतः लोकनिंदा सोसली. जाणाऱ्याला शिव्या आणि परतणाऱ्याला बंद दार, अशी ही दुहेरी कोंडी होती.

१८५० साली कंपनी सरकारने कायदा केला, की धर्म बदलला वा जातीतून काढले म्हणून कोणाचा वारसाहक्क बुडणार नाही. त्या कायद्याविरुद्ध तेव्हा मोठा गदारोळ झाला. पण त्यामागचे तत्त्व सरळ होते. माणसाचा देव कोणता यावरून बापाच्या शेतातला त्याचा वाटा ठरू नये. बस्तरच्या शेतातील खड्ड्याचा प्रश्न पावणेदोनशे वर्षांनंतर त्याच तत्त्वाशी येऊन थांबतो.

संशयाची मुळे

तथापि एकाच बाजूची गोष्ट सांगून भागणार नाही. ख्रिस्ती धर्माविषयी आपल्याकडे जो संशय आहे, तो हवेतून आलेला नाही. गोव्यात १५६० साली पोर्तुगीजांनी इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, सुरू केले. मधली थोडी वर्षे सोडली तर ते १८१२ पर्यंत चालले. देवळे पाडली गेली, हिंदूंच्या जाहीर धर्माचरणावर बंदी आली, कित्येक कुटुंबे देव बरोबर घेऊन मांडवी आणि जुवारी ओलांडून गेली. आज फोंडा परिसरात जी प्रसिद्ध देवस्थाने आहेत, त्यांतली बरीचशी अशी स्थलांतर करून आलेली आहेत. ही आठवण गोमंतकीयांच्या घराघरांत आहे आणि ती खरी आहे.

त्याच धर्मन्यायालयाचा हात नवख्रिस्ती लोकांच्याही गळ्यावर होता, हे मात्र आपण कमी बोलतो. १७३६ च्या एका फर्मानाने लग्नातील गाणी, विडे, फुले, नेसण्याची पद्धत अशा कितीतरी घरगुती रिवाजांवर बंदी घालण्यात आली. बाप्तिस्मा घेऊनही माणूस मोकळा झाला नव्हता. पूर्वी जातीचे पंच पाहत होते, आता धर्मन्यायालयाचे शिपाई पाहू लागले. सक्तीने मिळवलेल्या श्रद्धेवर सक्ती करणाऱ्याचाच विश्वास नसतो. मग तिच्यावर पहारा बसवावा लागतो.

दुसरे मूळ दुष्काळाचे. १८७६-७७ आणि पुन्हा १८९६ ते १९०० या काळात दख्खनमध्ये जे दुष्काळ पडले, त्या वेळी मिशनांनी अन्न, काम आणि निवारा दिला आणि नगरसारख्या जिल्ह्यांत महार-मांग समाजातील पुष्कळ लोक ख्रिस्ती झाले. ‘पोटासाठी बाटले’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून आपल्या तोंडी बसला. त्यात काही प्रमाणात तथ्य असेलही. पण गावाने ज्यांना विहिरीवर पाणी भरू दिले नाही, त्यांनी पाणी देणाऱ्याचा देव मानला तर दोष एकट्या पाणी देणाऱ्याचाच म्हणायचा काय? शिवाय दुष्काळ संपला, मिशनचे परदेशी पैसे आटले, साहेब मायदेशी गेले. तरीही त्या घरांतील तिसरी-चौथी पिढी रविवारी उपासनेला जातेच आहे. आमिष असते तर ते संपल्याबरोबर श्रद्धाही संपायला हवी होती.

कागद, गणवेश आणि राष्ट्रगीत

आजच्या काळात श्रद्धेची परीक्षा बहुधा कागदावर होते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आरंभी हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये त्यात शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. हा फरक काय असतो, ते महाराष्ट्राला कोणी सांगायला नको. १९५६ साली नागपूरला दीक्षा घेतलेल्या समाजाला केंद्राच्या सवलतींसाठी चौतीस वर्षे थांबावे लागले. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम मात्र अद्याप त्या यादीबाहेर आहेत. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये दर्जा धर्माशी न जोडण्याची शिफारस केली. २०२२ मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा आयोग नेमला.

परिणाम असा की हजारो घरांत दोन नावे आणि दोन धर्म नांदतात. दाखल्यावर एक, प्रार्थनेत दुसरा. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका महिलेच्या प्रकरणात यावर कठोर शब्दांत निकाल दिला. जी व्यक्ती प्रत्यक्षात ख्रिस्ती धर्म आचरते, तिने केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचे सांगणे ही घटनेची फसवणूक आहे, असे न्यायालय म्हणाले. कायद्याच्या चौकटीत हे तर्कशुद्ध आहे. श्रद्धेच्या दृष्टीनेही खोटे बोलणे समर्थनीय नाही, ख्रिस्ती नीती तर ते मुळीच मान्य करणार नाही. तरीही या निकालाची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. बाप्तिस्मा घेतल्याने गावातील जात जात नाही. वाडा बदलत नाही, आडनाव बदलत नाही, शेजाऱ्याची नजर बदलत नाही. बदलतो तो फक्त दाखला. खरे बोलणाऱ्याला मुलाच्या शिक्षणाने आणि नोकरीने किंमत मोजावी लागते आणि खोटे बोलणाऱ्याला मनःशांतीने. अशा पेचात राज्याने नागरिकाला ढकलावे काय, हा प्रश्न आरक्षणाच्या वादापलीकडचा आहे.

दुसरे उदाहरण लष्करातले. एका तरुण ख्रिस्ती अधिकाऱ्याची नेमणूक शीख जवानांच्या तुकडीवर झाली. रेजिमेंटच्या धार्मिक परेडला तो जवानांबरोबर जाई, आवारात उभा राही, पण गर्भगृहात प्रवेश करून पूजेत भाग घेण्यास नकार देई. २०२१ मध्ये त्याला सेवेतून बडतर्फ करण्यात आले. मे २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आणि २५ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती बडतर्फी कायम ठेवली. जवानांच्या भावनांशी एकरूप होणे हा नेतृत्वाचा भाग आहे आणि लष्करात शिस्त सर्वांत वर, असा न्यायालयांचा रोख होता. एका पाळकानेही आत जाण्यास हरकत नसल्याचे त्या अधिकाऱ्याला सांगितले होते, या गोष्टीकडेही सर्वोच्च न्यायालयाने लक्ष वेधले.

या निकालाशी पुष्कळ वाचक सहमत होतील, आणि त्यात वावगे काही नाही. लष्कर म्हणजे गाव नव्हे. तेथे जिवाची जबाबदारी एकमेकांवर असते. पण याच न्यायालयाचा ऑगस्ट १९८६ चा एक निकाल शेजारी ठेवून पाहावा. केरळात यहोवा विटनेसेस पंथाची तीन भावंडे शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण ते गात नसत. देवाखेरीज कोणाचे स्तवन करायचे नाही, अशी त्यांच्या पंथाची शिकवण. १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढले गेले. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांच्या पीठाने त्यांना परत घेण्याचा आदेश दिला. ही समजूत इतरांना पटते का, किंबहुना ती न्यायाधीशांना पटते का, हा मुद्दाच नाही. ती प्रामाणिक आहे का आणि तिच्यामुळे कोणाचा अवमान होतो का, एवढेच पाहायचे, असा त्या निकालाचा आशय होता. बहुतेक ख्रिस्ती संप्रदायांनाही या पंथाची ती शिकवण मान्य नाही. तरी ती मुले पाळकाच्या दाखल्याशिवाय जिंकली. १९८६ ते २०२५ या चाळीस वर्षांत सदसद्विवेकाला दिलेली जागा थोडी आक्रसली आहे काय? एक शाळा होती आणि दुसरी छावणी, हा फरक मान्य करूनही हा प्रश्न उरतोच.

दाराला दोन्हीकडून कडी

धर्मांतरविरोधी कायद्यांकडे याच नजरेने पाहिले पाहिजे. १९६७ मध्ये ओडिशाने आणि १९६८ मध्ये मध्य प्रदेशाने असे कायदे केले. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही, असा तो निर्णय होता. त्यानंतर गुजरात, हिमाचल, उत्तराखंड, उत्तर प्रदेश, हरियाणा आणि २०२५ मध्ये राजस्थान असे एकेक राज्य या मार्गाने गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनानेही या विषयाचा अभ्यास करण्यासाठी समिती नेमली.

सक्ती, फसवणूक आणि आमिष यांना शिक्षा व्हावी याबद्दल दुमत नाही. पण नव्या कायद्यांतून माणसाने धर्म बदलण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्याला आगाऊ नोटीस द्यायची, मग चौकशी व्हायची, हरकती यायच्या, अशी तरतूद आली. गावाचा आणि भाऊबंदांचा रोष ज्याने पत्करायचा, त्यानेच सरकारमार्फत त्यांना आपला बेत कळवायचा, असा याचा अर्थ होतो. २०१२ मध्ये हिमाचलच्या उच्च न्यायालयाने तेथील आगाऊ नोटिशीची अट घटनाबाह्य ठरवली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातील काही फिर्यादी रद्द करताना सर्वोच्च न्यायालयानेही या प्रक्रियेच्या जाचकपणाबद्दल शंका व्यक्त केली. याउलट काही कायद्यांत पूर्वीच्या धर्मात परतण्याला धर्मांतरच मानलेले नाही. एका दिशेने जाणाऱ्याला साठ दिवसांची नोटीस आणि उलट येणाऱ्याला मोकळा रस्ता, हे समतेत बसते का याचा विचार वाचकांनीच करावा.

आकड्यांचे भानही ठेवायला हवे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात ख्रिस्ती २ कोटी ७८ लाख, म्हणजे २.३ टक्के. महाराष्ट्रात ते सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे शेकडा एकाहूनही थोडे कमी. एवढ्या छोट्या समाजाची सर्वांनाच इतकी धास्ती वाटावी, याला धर्मापेक्षा राजकारण जबाबदार आहे, असे म्हटल्यास ते चूक ठरणार नाही.

घरातला दबाव

श्रद्धेवर दबाव फक्त बाहेरून येतो असे मानले तर ती अर्धीच गोष्ट होईल. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पुण्यात त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. १८९३ मध्ये शारदा सदनमध्ये मुलींना बाटवतात असा आरोप होऊन पालकांनी मुली काढून नेल्या आणि रानडे-भांडारकरांसारख्यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. हा इतिहास आपल्याला ठाऊक असतो. पण त्याच रमाबाईंनी इंग्लंडमधल्या धर्मभगिनींशी आणि धर्माधिकाऱ्यांशी किती वाद घातला, ते कमी जणांना माहीत असते. मी ख्रिस्ताची आज्ञा मानीन, पण तुम्ही म्हणाल ते सारे डोळे मिटून मानणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. एका जोखडातून सुटून दुसरे मानेवर घ्यायला त्या तयार नव्हत्या. रेव्हरंड टिळकांनीही आयुष्याच्या अखेरीस १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा प्रयत्न केला. ख्रिस्ताच्या भक्तीला पाश्चात्त्य पेहरावाची गरज नाही आणि अभंग हेही प्रार्थनेचे रूप असू शकते, हे त्यांनी आपल्या लेखणीने सिद्ध केले होते.

आणि जातीचे काय? ख्रिस्तापुढे सारे समान, अशी शिकवण देणाऱ्या चर्चमध्येही अनेक ठिकाणी लग्ने जात पाहून ठरत आली. दक्षिणेत तर काही गावांत दलित ख्रिस्ती माणसांसाठी दफनभूमीत वेगळा कोपरा राखला गेला. बस्तरच्या गावाला बोल लावणाऱ्या चर्चने आपल्या कुंपणाच्या आतही डोकावले पाहिजे. निष्ठा म्हणजे आपल्या समाजाची पाठराखण नव्हे. आपल्या समाजाला त्याच्याच देवाच्या शब्दांची आठवण करून देणे, हाही निष्ठेचाच भाग आहे.

शेजारधर्म

मोठ्या निकालांच्या आणि कायद्यांच्या पलीकडे रोजचे जगणे असते. चाळीत गणपती बसतो, शेजारची मुले प्रसाद घेऊन येतात. ख्रिस्ती घरातील आईने तो घ्यावा की नाही? हा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वी करिंथ शहरातील ख्रिस्ती लोकांनाही पडला होता, आणि संत पौलाने त्यांना लिहिलेल्या पत्रात त्याची सविस्तर चर्चा आहे. मूर्तीपुढे ठेवलेले अन्न खाल्ल्याने वा न खाल्ल्याने माणूस देवाच्या जवळ किंवा दूर जात नाही, पण ज्याचे मन कचरते त्याच्यावर जबरदस्ती करू नये आणि त्याला हसूही नये, असे त्याचे सार सांगता येईल. म्हणून प्रसाद घेणारी ख्रिस्ती बाई धर्मबुडवी नव्हे आणि हात जोडून ‘नको’ म्हणणारी उद्धटही नव्हे. शेजारणीने दोघींचा सारखाच मान राखला, तर अर्धा प्रश्न उंबरठ्यावरच मिटतो. नाताळला करंज्यांचे ताट उलट दिशेने जाते तेव्हा उपवास असलेल्या घरालाही हाच न्याय लागू आहे.

वसईचा ख्रिस्ती समाज या बाबतीत बोलका आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज सत्ता गेली, पण तिच्याबरोबर श्रद्धा गेली नाही. मराठ्यांच्या राज्यातही चर्चच्या घंटा वाजत राहिल्या आणि शेतकरी ख्रिस्ती माणूस आपली बोली, आपली वाडी आणि आपली उपासना सांभाळत राहिला. त्याच मातीतून फादर फ्रान्सिस दिब्रिटो आले. ‘सुवार्ता’चे संपादक, वसईच्या हिरवाईसाठी बिल्डरांच्या आणि गुंडांच्या विरोधात उभे राहिलेले कार्यकर्ते, ‘सुबोध बायबल’चे कर्ते. २०१९ मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली तेव्हा एका धर्मगुरूला हा मान कशाला, असे विरोधाचे सूर उठले. तरी जानेवारी २०२० मध्ये संमेलन झाले, फादर अध्यक्ष म्हणून बोलले आणि मराठी रसिकांनी ऐकले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. झगा उतरवून ठेवा मग मराठी म्हणू, असे म्हणणाऱ्यांना त्यांनी झगा आणि मराठी दोन्ही अंगाखांद्यावर वागवून उत्तर दिले.

ज्याला जायचे त्याच्यासाठी दार उघडे असावे, ज्याला परतायचे त्याच्यासाठीही असावे, आणि ज्याला जिथल्या तिथे राहायचे त्याचे घर, शेत, पाणी आणि माती कोणी हिरावू नये. धान्य दाखवून बोलावणारा आणि वाळीत टाकून परत आणणारा, दोघेही माणसाच्या मनाचा लिलाव मांडतात. अशा लिलावात जी श्रद्धा विकत मिळते ती कोणत्याच देवाला उपयोगी पडत नाही.

यासाठी महाराष्ट्राला फार दूर जायचे नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा करणारे हे देशातील पहिले राज्य आहे. वाळीत टाकणाऱ्याला त्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तो जातपंचायतींच्या जाचातून जन्मला असला, तरी धर्माच्या नावाने होणारा बहिष्कारही त्याच्या कक्षेबाहेर नाही. कायदा पुस्तकात आहे, तो गावापर्यंत पोचवणे हे गावकऱ्यांच्या हातात आहे. आपल्या गावाच्या नकाशात प्रत्येक घरातील मृताला सन्मानाने निरोप देता येईल अशी जागा राखून ठेवलेली आहे का, एवढे जरी पुढच्या ग्रामसभेत कोणी उभे राहून विचारले, तरी पुष्कळ होईल.